उतारवयातील स्थलांतर आणि मराठी नाटक

उतारवयात कोठे राहावे हा प्रश्न घरोघरचा असला तरी आमच्या वाङ्मयात तो प्रश्न म्हणून क्वचितच येतो. येतो तो बहुधा परिणामाच्या रूपाने. नोकरीची मुदत संपत आली, निवृत्तिवेतन किती पडेल याची बेरीज झाली, म्हणजे पन्नाशी ओलांडलेले दांपत्य रात्री दिवा मालवल्यावर हलक्या आवाजात जे बोलते, त्या बोलण्यास आमच्या रंगभूमीने पुरते स्थान दिलेले नाही, असे आमचे मत आहे.

कै. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) घ्यावे. शेक्सपिअरच्या ‘किंग लियर’ची छाया त्यावर आहे हे सर्वश्रुत आहे. परंतु लियरची राणी त्या नाटकात नाहीच. गणपतराव बेलवलकरांस मात्र कावेरी आहे. दोन्ही कथानकांतील सर्व भेदांत हाच भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आप्पा आपली मालमत्ता मुलांस वाटून देतात आणि आधी मुलाच्या, मग मुलीच्या घरी राहावयास जातात. कावेरीस यातील धोका दिसतो, ती तो बोलूनही दाखविते. पण औदार्याच्या उमाळ्यात तिचे बोलणे वाहून जाते. पुढील शोक नाटककाराने अपूर्व सामर्थ्याने रंगविला आहे. प्रेक्षक मुलांच्या कृतघ्नतेवर संतापत घरी जातो. परंतु ज्या विचारविनिमयातून दोघांचा निर्णय व्हावयाचा तो झालाच नाही, याकडे त्याचे लक्ष जात नाही.

कै. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त उलट प्रकार आहे. नाना-नानी आपले घर सोडीत नाहीत. दूर जातात ती मुले. येथेही करुण रस उत्कट आहे, परंतु घर न सोडणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो कसा झाला हे जाणून घेण्याची आमची जिज्ञासा अतृप्तच राहते.

नाटकगृहाबाहेर काय दिसते? बीड जिल्ह्यातील चौसाळा हे धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव. अशा गावातून नोकरीसाठी पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास गेलेल्या गृहस्थास निवृत्ती जवळ येताच जुने घर, पार आणि शेताची वाट खुणावू लागते. त्याच्या लेखी हे ‘परत जाणे’ होय. पत्नीच्या लेखी ते तसे नाही. चौसाळा तिचे सासर. तिचे परत जाणे माहेरी, आणि माहेरी आता भावजयीचा संसार. लग्नात तिने एकदा गाव सोडले, पतीच्या बदल्यांत अनेकदा बिऱ्हाड उचलले. शहरात वीस-पंचवीस वर्षांत जोडलेल्या शेजारणी, भजनी मंडळ, ओळखीचा डॉक्टर हे सारे सोडून तिने पुन्हा नव्याने आरंभ करावयाचा. शिवाय बालाघाटाच्या पठारावर उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागली की तिची पहिली झळ स्वयंपाकघरास, म्हणजे बहुधा तिलाच लागते.

यावरून शहरात राहणेच श्रेयस्कर असे आम्ही म्हणत नाही. ठरावीक निवृत्तिवेतनात शहराचा खर्च जड जातो, आणि गावी वृद्ध आई असेल तर प्रश्नास निराळेच वळण लागते. आमचे म्हणणे इतकेच की, एकाची स्मृती ही दोघांची इच्छा मानली जाऊ नये.

ही सवय जुनी आहे. मनुस्मृतीत वानप्रस्थास निघणाऱ्याने पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे, असे दोन पर्याय सांगितले आहेत. दोन्ही पतीच्या हाती आहेत. तिला विचारावे, हा तिसरा पर्याय तेथे नाही. बृहदारण्यकोपनिषदात मात्र घर सोडून निघालेला याज्ञवल्क्य मैत्रेयीशी बोलतो, संपत्तीच्या वाटणीची गोष्ट काढतो. आणि त्या संपत्तीने अमृतत्व मिळेल काय, असे ती त्यालाच विचारते. तिच्या या एका प्रश्नामुळे वाटणीची घरगुती गोष्ट मागे पडून आत्मविद्येचा संवाद सुरू होतो.

आमच्या नाटककारांस अशा संवादाचे वावडे का असावे? कृतघ्न पुत्र रंगविणे सोपे आहे. परस्परांवर माया असलेली, दोघेही काही अंशी बरोबर असलेली दोन माणसे रंगविणे कठीण. तरीही हे कठीण काम कोणी अंगावर घेईल तर निवृत्तीच्या उंबरठ्यावरील पुष्कळ दांपत्यांस आपले न बोललेले बोलणे तेथे ऐकू येईल, आणि कदाचित घरी गेल्यावर ते पुरे करण्याचे धैर्यही होईल.