सगळ्यात लांब कोण? : ‘वाडा चिरेबंदी’तली नाती

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. तेव्हापासून आपण एकच घोकत आलोय : जमीनदारी गेली, वाडा ढासळला. ते खोटं नाही. पण मला आज दुसरंच विचारायचंय. धरणगावकर देशपांड्यांच्या या घरात सगळ्यात लांब गेलेला माणूस कोण?

आपण पटकन म्हणतो, सुधीर. मुंबईला गेला, वडील वारल्यावर पाहुण्यासारखा आला. आपल्या धाराशिवकडंही हेच ऐकू येतं, ‘पोरगं पुण्याला गेलं आन् तुटलं.’ पण नाटक नीट बघा. सुधीर आणि भास्कर निदान भांडतात तरी. तेराव्याचा खर्च कुणी करायचा, यावरून एकमेकांना बोलतात. भांडणाला समोर माणूस लागतो. चंदूशी मात्र कुणी भांडतसुद्धा नाही. तो कुठंच गेलेला नाही, घरातच राबतोय. त्याच्या पायाची जखम चिघळत जाते; आणि ज्या घराला दागिन्यांची इतकी काळजी, तिथं त्या पायाची काळजी कुणाला नाही. प्रभाचं शिक्षण अडवलं गेलं, तीही अशीच घरात राहून परकी झाली.

अ‍ॅरिस्टॉटलनं म्हटलंय, की माणसांचा सहवास म्हणजे बोलण्या-विचारांतली भागीदारी. एका कुरणात चरणं हा गुरांचा सहवास. या वाड्यात कुरण तेवढं उरलंय.

नाटकाबद्दल माझी एक तक्रार आहे. रंजू दागिने घेऊन मास्तरबरोबर पळून जाते, त्या खळबळीत प्रेक्षकही चंदूला विसरतो. लेखकानं हे मुद्दाम केलं असेल, तर आपणही त्या घरातलेच ठरतो.

मी हे कोरडेपणानं सांगू शकत नाही. माझे थोरले भाऊ शेतीवर राहिले, मी नोकरीसाठी बाहेर पडलो. कित्येक वर्षं फोनवर पाऊस, सोयाबीनचा भाव आणि सातबारा, एवढंच बोलणं. मला वाटायचं, लांब गेलो तो मीच. वाटणीच्या कागदावर सही करायला गेलो, तेव्हा दादांना जिना चढवेना. गुडघा चार वर्षांपासून दुखत होता. मी कधी विचारलंच नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायची आमच्यात रीत नाही.

म्हणून म्हणतो, हे नाटक पुन्हा वाचाल तेव्हा सुधीरचा हिशेब नंतर करा. आधी चंदूच्या पायाकडं बघा.