दक्षिणेचा हिशेब

सामाजिक न्यायाची भाषा आली आणि राजकारण जातीचे झाले, अशी तक्रार मराठी सुशिक्षितांच्या तोंडी नेहमी असते. ती ऐकली की मला विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ पुन्हा उघडावेसे वाटते, आणि तेही गुरसरायकडे तोंड करून. झाशी जिल्ह्यातले हे गाव गोविंदपंत बुंदेले यांच्या खेर घराण्याचे ठाणे होते. बुंदेलखंडात मराठी पोहोचली ती पेशव्यांच्या सत्तेबरोबर. त्या मराठी मुलखाचे सर्वांत जिवंत चित्र गोडसे भटजींनी काढले आहे.

पेणजवळच्या वरसईहून ते १८५७ साली निघाले, ते बंड पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. पुढे झाशीच्या वेढ्याचे वर्णन इतके प्रत्ययकारी उतरले आहे की प्रवासाचे मूळ कारण आपल्या लक्षातच राहत नाही. हे पुस्तक आपण राणीच्या चरित्राचे साधन म्हणून वाचत आलो. मला ते राज्याच्या तिजोरीतून जन्मानुसार होणाऱ्या वाटपाचा दस्तऐवज म्हणूनही वाचावेसे वाटते. त्या वाटपाला कोणी जातीचे राजकारण म्हणाले नाही. त्याचे नाव दानधर्म होते.

गोडसे काही लपवत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. झाशीतल्या एका विद्वान शास्त्र्याच्या भंगी स्त्रीशी असलेल्या संबंधांची हकीकत ते सांगतात. दोन माणसांचा हा खाजगी मामला साऱ्या शहराच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न होतो. कोणी कोणाला शिवावे हे जिथे सार्वजनिक व्यवस्था ठरवते, तिथे जात राजकारणाबाहेर होती असे कसे म्हणावे?

झलकारीबाई कोरी मात्र मला या पुस्तकात भेटत नाहीत. त्या भेटतात वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ सालच्या हिंदी कादंबरीत, लोकांच्या आठवणीत, आणि पुढे २००१ सालच्या टपाल तिकिटावर. मधल्या काळात बहुजन समाज पक्षाने त्यांना सभामंचावर आणले. समकालीन पुरावा कुठे आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो फेटाळून लावण्यासारखा नाही. पण दक्षिणेसाठी निघालेला भिक्षुक कोणाच्या घरी उतरणार, कोणाच्या पंगतीला बसणार, हेही पाहायला हवे. त्याच्या मौनातून झलकारीबाई सिद्ध होत नाहीत. कोरी वस्तीतल्या माणसांची नोंद कागदावर का उतरत नाही, एवढे मात्र कळते.

मराठी विचार उत्तर प्रदेशात दुसऱ्यांदा गेला तो वेगळ्या वाटेने. कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना आंबेडकरी चळवळीशी जोडले गेले. १९८४ साली त्यांनी पक्ष काढला. पुढे कानपूरच्या विद्यापीठाला शाहू महाराजांचे नाव मिळाले, एका जिल्ह्याला जोतिबा फुल्यांचे. गोविंदपंतांच्या मराठीने तिथे वसूल गोळा केला. फुले-शाहू-आंबेडकरांच्या मराठीने त्या वसुलाचा हिशेब मागितला.

माझी खरी धास्ती इथेच आहे. ज्यांना इतिहासाने नाव नाकारले, त्यांच्यासाठी नाव लहान गोष्ट नाही. पण शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेला आदेश नामकरणाचा नव्हता. करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना देण्याचा होता. पुतळा आणि तिकीट देऊन जमीन, पाणी, नोकरी यांचा प्रश्न मिटवला, तर सन्मान हीच नवी दक्षिणा ठरेल: देणाऱ्याच्या मर्जीने मिळणारी आणि घेणाऱ्याला ओशाळे ठेवणारी. न्याय हक्काने मागता येतो, दक्षिणा येत नाही. सामाजिक न्यायाच्या राजकारणाची समीक्षा करायची असेल तर ती या फरकावर व्हावी. जातीला राजकारणात कोणी आणले या प्रश्नाचे उत्तर गोडसे भटजींनी केव्हाच लिहून ठेवले आहे.