टॅब्लेटवरील लघु अ‍ॅनिमेशनकथा : साधनाची चौकट आणि मुलाची गोष्ट

बीजशब्द : अ‍ॅनिमेशन, बालकथन, टॅब्लेट, चित्रकथी, लोककथा, बोली

प्रस्तावना :
मराठीतील बालसाहित्याची समीक्षा ही बहुतांशी मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांची समीक्षा आहे. मुलांनी स्वतः रचलेल्या कथनाकडे ती क्वचितच वळते. 2010 नंतर टॅब्लेटवर चालणारी काही सोपी अ‍ॅप्स उपलब्ध झाली आणि सात-आठ वर्षांचे मूल बोटाने पात्रे हलवून, त्यांना स्वतःचा आवाज देऊन दोन-तीन मिनिटांची अ‍ॅनिमेशनकथा तयार करू लागले. अशा कथांचे शाळेच्या कार्यक्रमात कौतुक होते. परंतु 'सर्जनशीलतेचा विकास' एवढे म्हणून विषय मिटविला जातो. साधन मुलाच्या गोष्टीला कोणता आकार देते, हा प्रश्न त्यामुळे मागेच राहतो. प्रस्तुत लेखात 'टूनटास्टिक', 'स्क्रॅचज्युनिअर' आणि 'पपेट पाल्स' या तीन अ‍ॅप्सच्या आधारे तो तपासण्याचा प्रयत्न केला आहे. कसोटीसाठी चिऊ-काऊची गोष्ट घेतली आहे, कारण ती मराठी मुलाला बहुधा पुस्तकाआधी कानांनी भेटते.

कथेची कमान :
'टूनटास्टिक' हे लाँचपॅड टॉईज या कंपनीने 2011 मध्ये आणलेले अ‍ॅप 2015 मध्ये गूगलने विकत घेतले व 2017 मध्ये त्याची त्रिमित आवृत्ती काढली. मूल गोष्ट सुरू करी तेव्हा त्याच्यापुढे पाच प्रसंगांची कमान मांडलेली असे : ओळख, संघर्ष, आव्हान, उत्कर्षबिंदू व उकल. प्रसंगागणिक संगीताचा भावही निवडता येई. या कमानीचे कूळ गुस्टाव फ्रायटाग यांच्या 1863 मधील नाट्यतंत्रविषयक ग्रंथाशी जाऊन भिडते. शोकांतिकांच्या अभ्यासातून निघालेला हा पंचांगी आराखडा सात वर्षांच्या मुलाच्या हातात 'गोष्ट म्हणजे काय' याचे उत्तर म्हणून ठेवला गेला, ही बाब साधी नाही.

चिऊ-काऊची गोष्ट या कमानीत बसवून पाहिली असता काय होते? पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, येथवर ठीक. पुढे कावळा दार ठोठावतो, चिमणी बाळाचे काहीतरी करीत असते आणि त्याला थांबविते. तो पुन्हा ठोठावतो. पुन्हा तेच. आराखड्याच्या दृष्टीने येथे काहीच 'घडत' नाही. कथानक अडकून पडले आहे. ऐकणाऱ्या मुलाला मात्र नेमके हेच हवे असते. प्रत्येक वेळी आंघोळ, पावडर, काजळ यांपैकी नवे काय येणार, ही उत्सुकता आणि कावळा भिजतो आहे ही हुरहुर, या दोन्ही त्या पुनरावृत्तीतच आहेत. कमानीत बसवताना मोठी माणसे साहजिकच एक ठोठावणे ठेवून बाकीची गाळतात. उरतो तो घर वाहून गेल्याचा वृत्तांत. (टूनटास्टिकमध्ये तीन प्रसंगांची आखूड गोष्टही निवडता येत होती, हे नमूद केले पाहिजे. परंतु आदि-मध्य-अंत हीदेखील कमानच होय.)

पुनरावृत्तीचा ठोकळा :
याउलट 'स्क्रॅचज्युनिअर'ची रचना आहे. टफ्ट्स विद्यापीठ व एमआयटी यांच्या सहकार्यातून 2014 मध्ये आलेले हे अ‍ॅप मुळात पाच ते सात वर्षांच्या मुलांना प्रोग्रॅमिंगची ओळख व्हावी म्हणून तयार झाले. कथाशास्त्राचा आव ते आणीत नाही. त्यातील आज्ञा चित्रखुणांचे ठोकळे आहेत, त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलाचेही अडत नाही. एक ठोकळा दिलेली कृती ठराविक वेळा पुन्हा करवितो. दुसरा रंगीत पाकिटाच्या रूपातील निरोप आहे : एका पात्राने पाकीट पाठविले की दुसरे पात्र हलते. लोककथेची यंत्रणा याहून वेगळी ती काय? कावळ्याचे ठोठावणे हा निरोप, चिमणीचे उत्तर हा उलट निरोप. ज्या साधनाने गोष्टीचा आराखडा दिलाच नाही, त्यात ही गोष्ट अधिक सहजपणे मावते, हे प्रस्तुत लेखिकेला उल्लेखनीय वाटते.

अर्थात तेथेही चौकट आहेच. एका प्रकल्पात चारच पाने मिळतात आणि नवा प्रकल्प उघडताच अ‍ॅपचे मांजर पडद्यावर हजर असते. चिमणीच्या गोष्टीत मांजराला आधी हाकलावे लागते, हा योगायोग मुलांना भारी आवडतो.

आवाजाचा प्रश्न :
'पपेट पाल्स'मध्ये आज्ञा नाहीत. कागदी कात्रणांसारखी पात्रे बोटाने सरकवायची, त्याच वेळी बोलायचे, आणि दोन्ही एकत्र ध्वनिचित्रित होते. अडखळणे, हसू फुटणे, मागून येणारी कुकरची शिट्टी, सारे गोष्टीत राहते. तयार पात्रे अमेरिकी वाइल्ड वेस्टमधील असली तरी प्रयोगाची ही पद्धत आपल्याला परकी नाही. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा पाहिली तर तेथे चित्र जागचे हलतही नाही. पोथीतील एकेक चित्र पुढे धरून कथेकरी रामायण-महाभारतातील प्रसंग सांगतो. हालचाल असते ती त्याच्या आवाजात. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (1913) पूर्वी 'अंकुराची वाढ' आणि पुढे 1915 मध्ये 'आगकाड्यांची मौज' हे लघुपट केले, ते निर्जीव वा संथ वस्तूला चौकटीगणिक हलविण्याच्या वेडातून. टॅब्लेटने ते श्रम पुष्कळ हलके केले आहेत. सेकंदाला 12 चौकटी धरल्या तरी अर्ध्या मिनिटाच्या आगकाड्यांना 360 छायाचित्रे लागतील. बोटाने कात्रण सरकविणाऱ्या मुलाला एकही लागत नाही. म्हणून या कथांचे मूल्यमापन हालचालीच्या सफाईवर करणे मला अपुरे वाटते. ऐकावयाचा तो आवाज.

आणि अडचण तेथेच येते. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने 'स्क्रॅचज्युनिअर'मध्ये ही गोष्ट केली. कावळा तिने स्वतः रंगविला, तो बराचसा बदकासारखा झाला. घरी ती मालवणीत बोलते व गोष्टही आजीकडून मालवणीतच ऐकते. माइकचे बटण दाबताच मात्र तिची भाषा बदलली : चिमणीला हाक मारताना लागणारा 'गो' गेला, वाक्ये पाठ्यपुस्तकातील धड्यासारखी झाली, स्वर सपाट झाला. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. अ‍ॅपने तर नाहीच. त्याला मराठी आणि मालवणी दोन्ही सारखीच अपरिचित. 'रेकॉर्ड होते ते शुद्ध असावे' हा संस्कार शाळेने, घराने आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, तिचे उच्चार वेळोवेळी सुधारणाऱ्या माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापक मावशीने केलेला आहे. कमानीने गोष्टीचा मधला भाग गाळावा आणि आम्ही तिची बोली गाळावी, यांत मला दुसरी गाळणी अधिक गंभीर वाटते. ती अ‍ॅप बदलून दूर होणारी नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आजीला शेजारी बसवून पुन्हा ध्वनिमुद्रण केले. या वेळी चिमणीचा आवाज आजीचा होता आणि कावळ्याचा तिचा. 'गो' परत आला होता. चार पाने संपली तेव्हा कावळा बाहेरच होता. शेवट राहिला का, असे विचारले असता तिने चौथ्या पानावरील पाऊस दाखविला. तो अजून पडत होता.