नकाशाचा दोष की निसर्गाचा?

कृष्णविवरांविषयीच्या लोकप्रिय लेखांत आणि व्याख्यानांत एक वाक्य हमखास भेटते : ‘घटना-क्षितिजापाशी काळ थांबतो आणि भौतिकीचे नियम कोसळतात.’ यातील उत्तरार्ध आम्हाला मान्य नाही. पूर्वार्धही दूरच्या निरीक्षकापुरताच खरा. आत पडणाऱ्याचे घड्याळ नेहमीसारखेच चालते.

वर्गातला पृथ्वीगोल घ्या. छत्रपती संभाजीनगरचे रेखांश सुमारे ७५ अंश २० मिनिटे पूर्व. त्या रेषेने उत्तर ध्रुवावर पोचलो की रेखांश विचारण्यात अर्थ उरत नाही. म्हणून काही तेथल्या बर्फाला भोक पडत नाही! दोष आपण आखलेल्या जाळीचा. श्वार्झशिल्ड यांच्या १९१६ च्या उत्तरात, सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येवर एक पद अनंत होते, तेही असेच. सहनिर्देशक बदलताच ते नाहीसे होते, हे लमेत्र यांनी १९३३ मध्ये दाखविले. केंद्रातले अनंत मात्र जात नाही. (क्षितिज हा निव्वळ भास, असेही कोणी समजू नये. तेथून परत येता येत नाही, हे खरेच आहे.)

मग फरक ओळखायचा कसा? जाळी कोणतीही घेतली तरी न बदलणाऱ्या वक्रतेच्या राशी काढून. मूळचे कोल्हापूरचे, बनारस हिंदू विद्यापीठातले गणिती वि. वा. नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनी १९४९ च्या निबंधात अशा १४ राशींचा विचार केला. श्वार्झशिल्डच्या बाबतीत अशी एक राशी त्रिज्येच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते : क्षितिजावर सान्त, केंद्रात अनंत. बारावीच्या विद्यार्थ्याला हे सहज कळेल. तरीही लोकप्रिय लेखनात ते क्वचितच येते, ही आमची तक्रार.

ही चाळणी न लावल्याने खुद्द आइन्स्टाइनही चकले. १९३६ मध्ये त्यांना व रोझेन यांना सपाट गुरुत्वलहरींच्या उत्तरात अनंत आढळले, आणि अशा लहरी नसतातच असा निष्कर्ष त्यांनी काढला. दोष सहनिर्देशकांचा होता. रॉबर्टसन यांनी तो दाखविल्यावर १९३७ मध्ये निबंध सुधारून छापला गेला. त्याच लहरींसाठी आज आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याजवळ, लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे.

मात्र चाळणीलाही मर्यादा आहे. निर्वातातील सपाट गुरुत्वलहरीत त्या चौदाही राशी शून्य येतात, तरी लहर खरी असते. मोकळ्या टांगलेल्या आरशांमधले अंतर तिच्यामुळे बदलते, आणि ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत मोजायचे असते ते हेच.