नताशाचा नाच आणि प्रास्कोव्याचं गाणं

रशियन दरबारावर आणि शहरी जीवनावर परकी संस्कृतीचा जो प्रभाव पडला, त्याबद्दल एक ठरलेला निकाल आपण नेहमी ऐकतो. पीटरने दाढ्या कापल्या, कॅथरीनने फ्रेंच विचार आणले, आणि वरचा वर्ग आपल्याच मातीला परका झाला. हा निकाल खोटा नाही, पण अपुरा आहे. तो आपल्या मनात इतका पक्का बसला, त्यात एका थोर कादंबरीचाही वाटा आहे. टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस'. आज थोडी तिची उलटतपासणी घेऊ.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. पीटर 1698 मध्ये युरोपातून परतला आणि सरदारांच्या दाढ्यांवर त्याने स्वतःच्या हाताने कात्री चालवली. पुढे 1705 मध्ये दाढीवर कर बसला. कर भरला की तांब्याचं एक बिल्ल्यासारखं नाणं मिळायचं. ते दाखवलं की दाढी शाबूत! 1718 पासून घरोघरी मेळावे भरवायचे, आणि त्यात बायकांनीही यायचं, असा हुकूम निघाला. म्हणजे मोकळेपणासुद्धा हुकमानेच आला. पीटर्सबर्गचं पहिलं रूप त्रेझिनीने घडवलं, हिवाळी राजवाडा रास्त्रेल्लीने. कॅथरीन तर जन्मानेच जर्मन. तिने 1765 मध्ये दिदरोचा ग्रंथसंग्रह विकत घेतला, तो त्याच्याकडेच ठेवला आणि वर त्याला ग्रंथपालाचा पगार दिला. दोन पिढ्यांत फ्रेंच ही उमरावांच्या घरातली बोली झाली. पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन'मधली तात्याना किती रशियन मनाची! पण तिचं प्रेमपत्र मुळात फ्रेंचमध्ये आहे, आणि आपण वाचतो तो निवेदकाने केलेला अनुवाद, असं पुश्किन मिश्किलपणे सांगतो.

आता टॉलस्टॉय. कादंबरी उघडते ती जुलै 1805 मध्ये, आना पाव्हलोव्हनाच्या दिवाणखान्यात. तिथे नेपोलियनला शिव्या चालल्या आहेत, आणि त्या फ्रेंचमध्ये. शत्रूचा निषेध करायलाही शत्रूचीच भाषा! हा उपरोध बिनतोड आहे. पुढे 1812 मध्ये मॉस्कोच्या बैठकींत फ्रेंच शब्द तोंडून गेला तर दंड भरायची टूम निघते, तेही टॉलस्टॉय मजेत दाखवतो. पण एक पाहा. पिएर आणि आंद्रेई ही त्याची सर्वांत प्रामाणिक माणसं, तीही फ्रेंच बोलतातच. म्हणजे फ्रेंच बोलणारा तो खोटा, असं सरळ समीकरण कादंबरीतच टिकत नाही. 1873 च्या आवृत्तीत तर टॉलस्टॉयने फ्रेंच मजकूर काढून तिथे रशियन घातला.

आणि मग येतो तो प्रसिद्ध प्रसंग. शिकारीनंतर नताशा 'काकां'च्या खेड्यातल्या घरी जाते. काका गिटार वाजवतात, ती नाचते, आणि अगदी अस्सल रशियन नाचते. फ्रेंच बाईच्या हाताखाली वाढलेल्या या मुलीत हे आलं कुठून, असं लेखक विचारतो. त्याचं उत्तर असं की तिने जो श्वास घेतला त्या हवेतूनच. प्रसंग विलक्षण सुंदर आहे, पण हे उत्तर मला पटत नाही. त्या खोलीत अनिस्या फ्योदोरोव्हना आहे, घर सांभाळणारी. तीच नताशाला रुमाल देते, हसते, तिचे डोळे भरून येतात. तिच्या मनात काय आहे ते आपल्याला नताशाच्या कौतुकापुरतंच कळतं. उमरावाची मुलगी शेतकऱ्याचा नाच नाचली की तो चमत्कार. शेतकऱ्याच्या मुलीने उमरावांची कला आत्मसात केली तर?

तशी मुलगी खरोखर होती. प्रास्कोव्या कोव्हाल्योव्हा, शेरेमेत्येव्ह घराण्याची भूदास, लोहाराची लेक. लहानपणीच तिला वाड्यावर आणलं, फ्रेंच आणि इटालियन शिकवलं, गाणं शिकवलं. नावही बदललं, झेम्चुगोव्हा, म्हणजे मोत्याची. तिच्या सोबतिणींनाही अशीच रत्नांची नावं होती, कारण त्या मालकाच्या मालकीच्या होत्या. कुस्कोव्होच्या रंगमंचावर तिने ग्रेत्रीच्या फ्रेंच ऑपेरात नायिका उभी केली. 1798 मध्ये तिला मुक्ती मिळाली, 1801 मध्ये काउंट निकोलाय शेरेमेत्येव्हने तिच्याशी गुपचूप लग्न केलं, आणि 1803 मध्ये, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, ती गेली.

या दोघींना शेजारी ठेवून पाहा. नताशा कल्पनेतली, प्रास्कोव्या इतिहासातली. नताशा मनात आलं म्हणून नाचली. प्रास्कोव्याला गायचं की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. तरी ती कला तिने आपलीशी केली. मग तिच्या गळ्यातलं फ्रेंच गाणं परकं म्हणायचं का? माझ्या मते प्रश्न गाणं कुठून आलं हा नाहीच. गाणाऱ्याला 'नको' म्हणता येत होतं का, हा आहे. भूदासपद्धत 1861 पर्यंत टिकली, आणि तिला परकं कुणी म्हटलं नाही. ती अगदी घरचीच होती.

म्हणून 'वॉर अँड पीस' पुन्हा वाचाल तेव्हा नाचणाऱ्या नताशाकडे जरूर पाहा, पण रुमाल देणाऱ्या हाताकडेही पाहा. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.