सायप्रसच्या किनाऱ्यावरील दोन पुस्तकें

आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या महिन्यांत भेटावयास आला होता. कोणत्याही प्रवासी मंडळाच्या साहाय्यावांचून एकट्यानें सायप्रस बेटावर जाण्याचा त्याचा बेत ठरला होता, आणि उत्तरेकडील किरेनियाचा किनारा पाहण्यापूर्वीं कोणतें पुस्तक वाचावें, एवढेंच त्यास आमच्याकडून हवें होतें. लॉरेन्स डरेलच्या 'बिटर लेमन्स'चें नांव आमच्या ओठांवर आलें. पण तें उच्चारतांना आम्ही अडखळलों. कां अडखळलों, हें वाचकांपुढें मांडणें आम्हांस आवश्यक वाटतें.

१९१२ सालीं जालंधर येथें जन्मलेला हा इंग्रज १९५३ मध्यें सायप्रसला गेला व किरेनियाच्या वरच्या बाजूस, जुन्या गॉथिक मठाच्या सान्निध्यांत असलेल्या बेलापाइस गांवीं त्यानें घर विकत घेतलें. साबरी नांवाच्या तुर्की दलालानें घासाघीस करून तें घर त्यास कसें मिळवून दिलें, तें प्रकरण आम्ही वर्गांत कित्येकदां वाचून दाखविलें आहे आणि हशा पिकला नाहीं असें एकदांही झालें नाहीं. समुद्राचे पालटते रंग, डोंगरउतारावरील बागा, चव्हाट्यावरचा तो 'आळसाचा वृक्ष'! असें गद्य लिहिणारे थोडेच.

प्रस्तावनेंतच लेखक बजावतो कीं, हें राजकीय पुस्तक नव्हे. आमची शंका सुरू होते ती येथेंच. कारण १९५४ मध्यें हा गृहस्थ वसाहत-सरकारचा प्रसिद्धि-अधिकारी झाला, आणि एओका या ग्रीक सायप्रसवासीयांच्या गुप्त संघटनेनें १ एप्रिल १९५५ रोजीं बाँबस्फोटांनीं उठावास आरंभ केला, तेव्हां सरकारची बाजू जगापुढें मांडणें हें त्याचें कामच होतें. ग्रीक शेतकरी दारू पाजतो, गप्पा मारतो, तोंवर तो त्यास मोठा लोभस वाटतो. तोच ग्रीसशीं एकीकरण मागूं लागला कीं, त्या मागणींत लेखकास पोरकट भावनेहून फारसें कांहीं दिसत नाहीं. ज्यांच्या आजोबांनीं १९४२ पाहिलें, त्या आम्हां भारतीय वाचकांच्या कानांस हा सूर अनोळखी नाहीं.

मात्र न्याय केला पाहिजे. किरेनियांतील त्याचा शिक्षक मित्र पानोस गोळ्यांस बळी पडतो, आणि अखेरीस गांवकऱ्यांच्या मौनांतून लेखक निघून जातो, तीं पानें कोणत्याही प्रसिद्धि-अधिकाऱ्याच्या हातून उतरलेलीं नाहींत. तेथें केवळ मित्रांस मुकलेला एक माणूस उरतो.

कॉलिन थुब्रॉनचें 'जर्नी इंटु सायप्रस' हें पुस्तक इतकें मोहक नाहीं. इतिहास व पुराणकथा यांचा भार त्यांत मधून मधून फार होतो. परंतु हा प्रवासी १९७२ मध्यें सुमारें ६०० मैल पायीं हिंडला. त्यास तेथें घर नव्हतें, हुद्दा नव्हता. बेट १९६० मध्यें स्वतंत्र झालें होतें, १९६३ च्या डिसेंबरांत ग्रीक व तुर्क एकमेकांवर उठले होते, आणि १९६४ पासून तेथें संयुक्त राष्ट्रांचें सैन्य होतें. (आमचे जनरल थिमय्या याच सैन्याचे प्रमुख असतां १९६५ मध्यें तेथेंच वारले.) अशा बेटांत ग्रीक गांवांतून तुर्की वस्तींत पायीं जाणारा हा पाहुणा दोन्ही बाजूंचें ऐकतो आणि निवाडा करण्याची घाई करीत नाहीं. पुस्तक निघालें १९७५ मध्यें. तत्पूर्वींच, २० जुलै १९७४ रोजीं, किरेनियाच्या पश्चिमेस तुर्की फौजा उतरल्या होत्या. दीड लाखांहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे विस्थापित झाले व दक्षिणेंतील तुर्क उत्तरेकडे गेले. त्यामुळें ओसरीवर बसून पुढच्या हंगामाच्या गोष्टी करणाऱ्या यजमानांस जें ठाऊक नाहीं, तें वाचकास प्रत्येक पानावर ठाऊक असतें. ही करुणा लेखकानें योजलेली नव्हे. म्हणूनच ती अधिक झोंबते.

आम्ही विद्यार्थ्यास सांगितलें, थुब्रॉन आधीं वाच. तो हंसला. २००३ पासून सीमारेषेवरचीं नाकीं खुलीं आहेत, पारपत्र दाखवून माणसें पलीकडे जातात. सर, एवढा विचार कशाला? आम्ही म्हटलें, तर मग डरेल बेलापाइसलाच बसून वाच, आणि ज्या घराच्या सावलींत बसशील तें १९७४ पूर्वीं कोणाचें होतें, तेवढें विचारून ये.

त्यानें दोन्ही नेलीं. 'बिटर लेमन्स'ची आमची प्रत, समासांतील आमच्या तरुणपणच्या खुणांसह, अद्याप परत आलेली नाहीं.