उत्तराला जागा ठेवणारा जोडीदार

दोन अनोळखी माणसं आळीपाळीने एकेक परिच्छेद लिहीत कथा उभी करतात. आपल्या पात्राचं बोलणं-वागणं आपल्या हाती, समोरच्याचं त्याच्या हाती, आणि पुढे काय घडणार हे दोघांनाही ठाऊक नसतं. इंटरनेटवरचं मजकुरी रोलप्ले ते हेच. यात रमलेल्या कोणालाही विचारा, तक्रार एकच असते: चांगला जोडीदार मिळत नाही. चांगलं लिहिणारे कमी झाले, असं मला वाटत नाही. ते ओळखायची जागा मात्र हरवली आहे.

1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा मजकुरी खेळ रचला. त्यात भर खजिन्यावर आणि लढाईवर होता. 1989 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अ‍ॅस्पनेस यांनी ‘टायनीमड’ लिहिताना लढाईच काढून टाकली आणि खेळणाऱ्यांना स्वतःच्या खोल्या बांधायची मोकळीक दिली. मग लोक बोलू लागले, पात्रं होऊन वावरू लागले. या परंपरेत जोडीदार शोधायला वेगळं जावं लागत नसे. खेळातल्या सराईच्या खोलीत शिरलं की चारपाच जणांचं लेखन समोरून सरकत असे. कोण दुसऱ्याचं वाक्य उचलतो, कोण आपलंच घोडं दामटतो, हे काही वेळ नुसतं वाचलं तरी कळे.

डिस्कॉर्ड हे गप्पांचं अ‍ॅप 2015 मध्ये आलं आणि बरंचसं लेखन दोघांपुरत्या खासगी खोलीत गेलं. आता जोडीदारासाठी आधी जाहिरात द्यायची: कथेचा प्रकार, वय, उत्तर किती दिवसांनी, किमान चार परिच्छेद हवेत. वय विचारणं योग्यच, प्रेमकथा लिहायची तर सज्ञान माणसाने समोरचाही सज्ञान असल्याची खात्री करून घ्यायलाच हवी. पण लांबी हा कसबाचा पुरावा मानला जाऊ लागला, आणि या कलेचं सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं.

समजा, एकीने लिहिलं: पावसात भिजलेली बाई धर्मशाळेच्या दारात उभी आहे. उजवा हात ती शालीतून बाहेर काढत नाही. पैसे आगाऊ देते आणि विचारते, मागचं दार रात्री उघडं असतं का? यावर सहा परिच्छेदांचं उत्तर येतं. पाऊस, कंदील, व्यवस्थापकाचं बालपण, युद्धात गेलेला भाऊ. भाषा रेखीव, पण बाईचा हात आणि मागचं दार दोन्ही तसेच राहिले. दुसरा एक जण तिचा हात खसकन ओढून जखम उघडी पाडतो, म्हणजे तिचं पात्रच बळकावतो. याला खेळणारे ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात. तिसरा चार ओळी लिहितो. व्यवस्थापक पैसे मोजतो, मागच्या दाराला कुलूप असतं म्हणतो आणि सहीसाठी नोंदवही तिच्याकडे वळवतो. आता उजवा हात बाहेर काढायचा की डाव्याने सही करायची, की सही टाळायची, हे तिचं तिने ठरवायचं. मला जोडीदार हवा तो हा.

असं उत्तर देणं ऐकून-पाहून येतं. सिंधुदुर्गातल्या दशावतार या लोकनाट्यात संवादांची लिखित संहिता नसते. कथानक ठरलेलं, बोलणं रंगमंचावर सुचलेलं. तिथला नवखा नट मुरलेल्यांच्या जुगलबंद्या रात्रीमागून रात्री ऐकत तयार होतो. खासगी खोलीत लिहिणाऱ्या नवख्याला ऐकायला कोणी नाही. म्हणून तो लांबी वाढवतो. निदान ती तरी मोजता येते.

त्यात माणसं न सांगता गायब होतात. कथा रंगात आलेली असताना उत्तरं थांबतात, आणि ज्याने जीव ओतून लिहिलं त्याला हे लागतं. 2019 मध्ये ‘एआय डंजन’ आणि 2022 मध्ये ‘कॅरेक्टर.एआय’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनं आल्यावर अनेक जण यंत्राकडे वळले ते मला समजतं. यंत्र थकत नाही, निघून जात नाही. पण ते फार लवकर मान तुकवतं. त्याने रंगवलेल्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला स्वतःसाठी काही हवं नसतं, म्हणून बाई मागेल ते दार तो उघडतो. या लाडाची सवय झालेल्या लेखकाला माणसाच्या पात्राने दिलेला नकार अपमानासारखा वाटतो. खरं तर नाट्य त्या नकारातूनच सुरू होतं.

काही गट अजून सामाईक दृश्यं चालवतात, ज्यात नव्याने आलेल्याला आधी वाचता येतं आणि मग हळूच एखादं किरकोळ पात्र घेऊन शिरता येतं. जोडीदार शोधणाऱ्याने तिथे जावं. ते शक्य नसेल तर जाहिरातीला उत्तर देणाऱ्याकडे जुन्या लेखनाचे नमुने मागू नयेत. ते त्याने एकट्याने घासूनपुसून ठेवलेले असतात. त्यापेक्षा दोघांनी एक छोटं दृश्य लिहावं, चारपाच उत्तरांत संपणारं, आणि मग त्याने आपल्या मजकुरातलं काय काय उचललं ते पाहावं.